आई दिव्याला हात लावत नव्हती ते महिने

आमच्या घरी संध्याकाळचा दिवा आई लावते. मासळी विकून ती परत येते, टोपली मागच्या दारी पालथी घालते, हातपाय घासून धुते, लिंबाची फोड बोटांवर चोळते आणि मगच देव्हाऱ्याकडे जाते. तिला चालत नसेल तेव्हा ती मागच्या दारातूनच म्हणते, "पोरी, दिवा लाव." का, ते ती सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. भाईंदरजवळच्या मुर्धा गावात, आमच्या आळीत बहुतेक घरांत असंच आहे. बाजूला बसून राहायला मासळीवाल्या बाईला सवड नसते. त्या दिवसांतही ती बंदरावर जाते, मासळी विकते, घरी चूल बघते. फक्त देवाला शिवत नाही. त्यामुळे कुणाच्या घरी आज दिवा कोण लावतंय यावरून शेजारपाजारच्या बायकांना सगळं कळतं, आणि कुणालाच काही कळलं नाही असं धरून सगळ्या वागतात.

मी बारावीत होते तेव्हा आईचं हे सांगणं कमी होत गेलं आणि पुढे थांबलंच. दिवा कायमचा तिच्याकडे गेला. मी कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात जातात. आई उत्तनच्या बंदरावरून मासळी घेते आणि मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात एका सोसायटीच्या गेटाशेजारी बसते. दोघांनाही माझ्या पुस्तकांत काय असतं ते माहीत नाही. पण मी वाचत बसले की आई टीव्हीचा आवाज बारीक करायची.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका संध्याकाळी मागच्या दारातून पुन्हा हाक आली, "पोरी, दिवा लाव." मी उठून लावला. त्या क्षणाचं मला एवढंच आठवतं की वाचताना उठावं लागलं म्हणून जरा वैताग आला होता.

त्याच वर्षी मी कॉलेजच्या आरोग्य गटात नाव दिलं होतं. आमच्या मॅडम आम्हाला आजूबाजूच्या वस्त्यांत पाठवायच्या, कधी डेंग्यूबद्दल सांगायला, कधी लसीबद्दल. त्या वेळी विषय होता गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. मॅडमनी फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. हा कॅन्सर बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो. तो विषाणू खूप जणींच्या अंगात येतो आणि आपोआप जातोही. काहींच्या अंगात राहतो, आणि मग वर्षानुवर्षं गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलत जातात. त्या काळात दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच काही त्रास नसतानाही तिशीनंतर तपासून घ्यायचं. तपासणीला काही मिनिटं लागतात. बदल तेव्हाच सापडला तर कॅन्सर व्हायच्या आधीच तो काढून टाकता येतो. मी सगळं भराभर वहीत लिहून घेतलं होतं. मला वाटलं होतं, मला समजलं.

मग मॅडम म्हणाल्या, "मुर्ध्यात तूच जा. तुझं गाव आहे, तुझी भाषा आहे. तुझं ऐकतील."

माझी भाषा आहे, हीच तर अडचण होती. पत्रकावर 'गर्भाशयमुख' असा शब्द होता. कॉलेजात तो मी सहज म्हणू शकत होते, कारण तो कुणाच्या अंगाचा भाग आहे असं तो ऐकून वाटतच नाही. आमच्या बोलीत त्याला शब्दच नाही. आमच्याकडे सगळ्याला मिळून 'पिशवी' म्हणतात, आणि तीही बायका एकमेकींच्या कानात म्हणतात. मी लग्न न झालेली मुलगी. ज्या काकींनी मला न्हाऊमाखू घातलं त्यांच्यापुढे उभं राहून पिशवीच्या तोंडाबद्दल कसं बोलायचं?

दुपारी शेजारच्या काकींच्या ओट्यावर बायका जवळा निवडत बसल्या होत्या. आईही त्यांच्यात होती. मी पत्रकं घेऊन गेले आणि बोलायला लागले. दोन वाक्यांतच माझे कान तापले.

"काय गो, काय बोलतस ता मोठ्यानं बोल," काकी म्हणाल्या.

मी मोठ्यानं म्हटलं.

असा हशा पिकला की जवळ्याचं सूप कलंडता कलंडता राहिलं. काकींनी डोळ्यांना पदर लावला. "अगो बाय! हिचा अजून लगीन न्हाय झाला, नि ही आमाला सांगतं पिशवी दाखवा! कॉलेजान हाच शिकवतान काय?"

"नवरा शोधा गो हिला आधी," दुसरी म्हणाली.

मला जमीन फाटली तर बरं असं झालं. पत्रकावर पुढे बरंच होतं. कोणती लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, अंगावरून वास येणारं पाणी जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं. ते सगळं मी सोडून दिलं. ते शब्द माझ्या तोंडून निघणार नव्हते. सगळ्यात खाली सूचना होत्या, त्या मात्र मी घडाघडा म्हटल्या. तपासणीचं शिबिर रविवारी सकाळी आहे, समाजमंदिरात आहे, आधारकार्ड आणा, पाळी चालू असेल तर येऊ नका. हे शेवटचं तर मी दोनदा म्हटलं, कारण ते म्हणायला सोपं होतं. देवळात जाताना जसं सांगतात तसंच ते होतं, आणि त्यावर कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आईही मान खाली घालून जवळा निवडत होती. ती एकटी हसली नव्हती. मला वाटलं, पोरीची फजिती झाली म्हणून तिला वाईट वाटलं.

रविवारी शिबिराला चार बायका आल्या. काकी आल्या, हसत आल्या आणि हसतच गेल्या. "काय न्हाय गो, डोले मिटून पडायचा," असं बाहेर बसलेल्यांना सांगून गेल्या. आई आली नाही. संध्याकाळी मी घरी आले तर तिनं मागच्या दारातून दिवा लावायला सांगितलं.

"तू का नाय आलीस?" मी विचारलं.

"तूच बोललीस ना, पाली असल तं यायचा न्हाय."

बरोबर होतं. मीच म्हटलं होतं. आणि खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं झालं. आई आली असती तर माझ्या वर्गातल्या मुलींसमोर, मॅडमसमोर, तिची मासळीची साडी, तिचं बोलणं, आणि आत पडद्यामागे तिचं ते. मला त्याचा विचारही नको होता.

पुढच्या महिन्यात पालिकेच्या दवाखान्यात तीच तपासणी होती. आई म्हणाली, "थांबला का जाऊ." तेव्हाही दिवा मीच लावत होते. त्यानंतर पुन्हा एकदा तसंच झालं. दर वेळी ती थांबायची वाट बघायची, थांबलं की बंदराची गडबड असायची, आणि मग पुन्हा हाक यायची. तिनं माझी सूचना मनापासून पाळली होती. देवाच्या नियमासारखी.

तुम्ही म्हणाल, मला कळायला नको होतं का? मीही हेच म्हणते. ज्या मुलीनं फळ्यावरचं चित्र वहीत उतरवून घेतलं, तिच्या घरात महिन्यातले बरेच दिवस दिवा तीच लावत होती, आणि वही एकीकडे नि दिवा एकीकडे असं चाललं होतं. आईची पाळी केव्हाच गेली होती, हे मला माहीत होतं. पण आईच्या अंगाबद्दल मोजमाप ठेवणं हे पाप असल्यासारखं मी ते मनातही धरलं नव्हतं.

ते मला कळलं मोरव्यात. तिथे आम्ही घरोघरी गेलो होतो. मोरवा आमच्यापासून लांब नाही, पण तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळे मला धीटपणे बोलता येत होतं. एका घरात एक मावशी कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "माझी तर पाळी कधीच गेली. मला कशाला सांगतेस? आमच्या नणंदेची गेली होती ती परत आली म्हणे. नशीबवान आहे."

मी लगेच म्हटलं, "मावशी, एकदा गेलेली पाळी वर्षभरानं परत येत नाही. रक्त दिसलं तर ती पाळी नसते. लगेच दाखवायला सांगा त्यांना."

वाक्य अगदी सुरेख निघालं होतं. सोबतच्या मुलीनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. आणि मला आईची मागच्या दारातली हाक आठवली. मी त्यांच्या ओट्यावर बसले. मावशींनी विचारलं, "काय गं, ऊन लागलं का?" मी हो म्हटलं. त्यांनी पाणी दिलं. परक्या बाईच्या नणंदेसाठी जे मला एका दमात सांगता आलं, ते मी माझ्या आईला सांगितलं नव्हतं. तिला मी फक्त येऊ नकोस एवढंच सांगितलं होतं.

घरी आले तेव्हा आई मागच्या दारी टोपली धूत होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले. काय बोलायचं ते रिक्षात ठरवलं होतं, ते सगळं विसरले.

"आये, ती तुजी पाली न्हाय."

तिनं मान वर केली नाही. "मंग काय हाय?"

"तुजी बंद झाली होती ना? मी बारावीला होते तवा. आता येतं ता दुसरा काय तरी हाय. डॉक्टरला दाखवायला लागल."

तिनं टोपलीवर पाणी मारलं. मग जरा हसली. "मना वाटला, मी म्हातारी न्हाय झाले अजून. तुजी काकी पन बोलली, परत जवान झालीस."

हे ऐकून मला रडू आलं, पण रडले नाही. तिला त्याचा थोडा अभिमान वाटत होता हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दुखतं काय?" मी विचारलं.

"न्हाय. वास येतं." हे ती टोपलीकडे बघून म्हणाली. "पन मासलीच्या वासान कोनाला कलतं?"

तिनं लपवलं कसं, हे मला तेव्हा समजलं. टोपली, बर्फ, खवल्यांचं पाणी, या सगळ्यात तिनं ते लपवलं होतं. आणि कॉलेजला जाताना तिच्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून मी तिच्यापासून अंतर ठेवून चालायचे, तेही आठवलं.

मी म्हटलं, उद्याच जाऊ. ती म्हणाली, आता चालू आहे, असं घाण अंग डॉक्टरला कसं दाखवायचं, थांबू दे. मी म्हटलं, नाही थांबायचं. ती म्हणाली, तूच सांगितलंस ना. मी म्हटलं, मी अर्धंच सांगितलं.

"का?"

"लाज वाटली."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि टोपली पालथी घातली. "मना बी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पालिकेच्या रुग्णालयात गेलो. आईनं लग्नाकार्यातली साडी नेसली होती आणि केसांना खूप तेल लावलं होतं. डॉक्टर तरुण बाई होत्या, हिंदीत बोलत होत्या. मी आईच्या बाजूला दुभाषी म्हणून उभी. वय, मुलं किती, पाळी कधी गेली, हे सगळं मी नीट सांगत गेले. मग डॉक्टरांनी विचारलं की संबंधानंतर रक्त जातं का. त्यांनी ते पाऊस पडतोय का विचारावं तसं विचारलं.

ती माझी आई होती. तिच्यासोबतचा माणूस म्हणजे माझे वडील होते. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत म्हटलं, "आये, त्या विचारतान, काम जास्त झाला का रक्त जातं काय?"

आई खुर्चीत पुढे सरकली. "ती ह्या न्हाय विचारत," ती मला म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून तिच्या गेटावरच्या हिंदीत म्हणाली, "हां मॅडम, जाता है. आदमी बाजू में आता है तो जाता है. अभी मैं उसको बोलती नको आ." आणि मला, "भाव करायला हिंदी येतं, तं ह्या न्हाय कलनार?"

डॉक्टरांनी हसू दाबलं. मी तक्ता वाचत राहिले. पोलिओ, गोवर, पुन्हा पोलिओ. माझ्या डोळ्यांपुढून अक्षरं सरकत होती. पण जे विचारायचं ते विचारून झालं होतं, आणि उत्तरही बरोबर गेलं होतं, माझ्याशिवाय.

आतल्या तपासणीत डॉक्टरांना काही दिसलं. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी नीट लिहू शकत नाही. आई रोज बंदरावर जात होती. वडिलांना मी सांगितलं, "पिशवीचा काय तरी हाय." ते "बरा" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. त्यांनाही लाज वाटत असावी. आमच्या घरात ती सगळ्यांना पुरेल एवढी होती.

रिपोर्टमध्ये कॅन्सरच निघाला. तो गर्भाशयाच्या तोंडापुरताच होता, पुढे गेलेला नव्हता. डॉक्टर मला म्हणाल्या, "काही वर्षांपूर्वी तपासणी झाली असती तर इथवर आलंच नसतं. अजून काही महिने घालवले असते तर ऑपरेशननं भागलं नसतं. आता भागेल." त्या रागावल्या नाहीत. मधले ते काही महिने कुणी घालवले, हे त्यांना माहीत नव्हतं.

ऑपरेशन मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात झालं. मी आईजवळ राहिले. त्या दिवसांत मलाही चालत नव्हतं, आणि तसंही आम्ही दोघी घरी नव्हतोच. परत आलो तेव्हा देव्हाऱ्यात वाती पडलेल्या दिसल्या, जाडजूड, वेड्यावाकड्या, कापूस सुटलेल्या. वडिलांनी वळल्या होत्या. आईनं एक उचलून बघितली. "ह्यो दिवा का मशाल?" ती म्हणाली. वडील दारात उभे होते. त्यांनी चपला घातल्या आणि नाक्यावर गेले. त्या दिवशी दिवा तिनं लावला.

गावात काकींना कळलं तेव्हा त्या आमच्याकडे आल्या आणि आईच्या पायाशी बसून खूप रडल्या. आपण तिला जवान झालीस म्हणालो हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांचा स्वतःचा रिपोर्ट चांगला आला होता. त्याचीही त्यांना लाज वाटत होती, असं मला दिसलं.

डॉक्टरांनी आईला ओझं उचलायला मनाई केली. बरेच दिवस गेल्यावर ती पुन्हा बसायला लागली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी टोपली उचलायला मी जाऊ लागले. बेव्हर्ली पार्कात मी कधीच तिच्यासोबत बसले नव्हते. कॉलेजातलं कुणी बघेल ही भीती असायची. अजूनही असते. मी ओढणी पुढे घेऊन बसायचे.

एका रविवारी एक नेहमीच्या बाई आल्या. मराठी, दादरहून इकडे राहायला आलेल्या, ऑफिसला जाणाऱ्या. पापलेटाचे कल्ले उघडून बघत म्हणाल्या, "मावशी, होतात कुठे इतके दिवस? आम्ही सुपरमार्केटचं बर्फातलं खातोय."

"पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता," आई म्हणाली. ती हे ज्या आवाजात सुरमई म्हणते त्याच आवाजात म्हणाली. गेटावरच्या वॉचमननं वळून बघितलं. रिक्षात बसलेल्या दोघांनी बघितलं. "काढला. आता काय न्हाय."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. गाल पेटले होते. बाईंनी पापलेट हळूच खाली ठेवलं. त्या दुसरं एक उचलून बघत राहिल्या. मग वाकून, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला कळलं कसं? म्हणजे, आधी काय झालं होतं?"

"माज्या पोरीला विचार. ती कॉलेजात शिकतं."

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. वॉचमन होता, रिक्षावाले होते. मी खाली टोपलीत बघत म्हटलं, "पाळी नसताना रक्त जात असेल... किंवा, किंवा संबंधानंतर..."

"मोठ्यानं बोल गो," आई म्हणाली, हातातल्या कोयत्यानं माशी हाकलत. "रस्त्यान बसलीस नं, मंग?"

मी मान वर केली. पत्रकातलं मी ओट्यावर सोडून दिलेलं सगळं सांगितलं, एकेक. काही त्रास नसला तरी तपासायचं, हे सांगितलं. साधी तपासणी पाळीत करत नाहीत, हे सांगितलं, आणि असं भलत्या वेळी रक्त जात असेल तर ते थांबायची वाट बघायची नाही, हेही सांगितलं. रिक्षावाले ऐकत होते. बाई ऐकत होत्या, हातात पापलेट तसंच.

"मला दोन महिने झाले," त्या म्हणाल्या.

आईनं त्यांच्या हातातलं पापलेट घेतलं आणि परत बर्फावर ठेवलं. "मासली नंतर घे," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "आपन जातो ता दवाखाना सांग हिला. नीट सांग."